बाबांचं मशीन ड्रॉवरमध्ये का जाऊन बसलं?

चिपळूणच्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. सासरे ७४ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. दोन वर्षांपूर्वी ३८,००० रुपये घालून उजव्या कानाला ऐकू येण्यासाठी कानामागचं मशीन घेतलं, सहा महिने जेमतेम लावलं, तेव्हापासून ते टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. शिट्टी वाजते, सेल चार दिवसात संपतो, पावसाळ्यात मधेच बंद पडतं, आणि बाबा म्हणतात की लावलं की नुसता कलकलाट, माणसं काय बोलतात ते कळतच नाही. ताई लिहितात, "दिवसभर मोठ्याने बोलून माझा घसा बसलाय आणि जरा आवाज चढवला की म्हणतात ओरडतेस कशाला, मी काय बहिरा आहे?" दिवाळीनंतर पुतणीचं लग्न आहे, निदान त्या दिवशी तरी बाबांनी मशीन लावावं, त्यासाठी जबरदस्ती करू का असं विचारलंय. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की ऐन वेळी नखाने स्टिकर निघत नाही म्हणून बाबा पाकीट आणलं की सहाही सेलची स्टिकरं काढून डबीत भरून ठेवतात.

ताई, ते जाता जाता लिहिलेलं वाक्य वाचून मी खुर्चीतच हसले, कारण हेच मीही केलंय. मी डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट (म्हणजे कान तपासून मशीन लावून देणारे तज्ज्ञ) नाही, मी २०११ पासून दोन्ही कानांना कानामागची मशीनं लावणारी बाई आहे, तेव्हा जे सांगते ते लावून, बिघडवून, रडून शिकलेलं आहे.

तर आधी सेलच. हे सेल म्हणजे झिंक-एअर, म्हणजे हवेवर चालणारे. घड्याळाचा सेल कसा सीलबंद असतो तसा हा नसतो. त्याच्या प्लसच्या बाजूला बारीक भोकं असतात आणि ती त्या स्टिकरने बंद केलेली असतात. स्टिकर काढलं की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो, मग तुम्ही मशीनमध्ये घाला की डबीत ठेवा, तो झिजायला लागला तो लागलाच. परत स्टिकर चिकटवून तो थांबत नाही. म्हणजे बाबा पहिला सेल वापरत होते तेव्हा बाकीचे पाच डबीत बसून संपत होते, त्यात तुमच्याकडची दमट हवा, मग चौथा पाचवा सेल चार दिवसात गेला तर त्यात मशीनचा काय दोष? मी पण अशीच सगळी स्टिकरं काढून ठेवायचे आणि दुकानदाराशी भांडायचे की तू जुना माल देतोस म्हणून. तो बिचारा दोनदा बदलून द्यायचा.

आता बरोबर पद्धत सांगते. जुना सेल पूर्ण संपला, मशीनने टूं टूं केलं, की एकच नवीन सेल घ्यायचा, स्टिकर काढायचं आणि भोकांची बाजू वर करून तो टेबलावर पाच मिनिटं नुसता ठेवायचा. तोवर चहा प्या. हवा नीट आत गेली की मगच मशीनमध्ये घालायचा. लगेच कोंबला तर नवीन सेलसुद्धा अर्धवट चालतो आणि आपल्याला वाटतं खराब निघाला. स्टिकर नखाने निघत नसेल तर ते तुम्ही काढून द्या ना, दहा पंधरा दिवसातून एकदा तर काम आहे! कानामागच्या मशीनला बहुतेक १३ नंबरचा सेल लागतो, त्याचं स्टिकर नारिंगी, आणि जास्त पॉवरच्या मशीनला ६७५, त्याचं निळं. दुकानात नंबर विसरलात तरी रंग सांगा, सगळ्या कंपन्यांचे रंग तेच असतात. १३ नंबरचा सेल दिवसभर मशीन लावणाऱ्याला साधारण दहा ते पंधरा दिवस जायला हवा, मोबाईलचा आवाज थेट मशीनमध्ये घेत असतील तर कमी.

रात्री मशीन काढलं की सेलचं दार उघडं ठेवायचं. बऱ्याच मशीनला वेगळं बटण नसतंच, दार उघडलं की बंद आणि लावलं की चालू. ड्रॉवरमध्ये दार लावून ठेवलेलं मशीन आतमध्ये चालूच असतं, सेल खातं आणि वर एकटंच शिट्टी वाजवत बसतं. आणि तो ड्रॉवरमधला सेल आधी बाहेर काढा बरं, दीड वर्षं आत राहिला असेल तर पांढरी पूड बाहेर आली असणार, ती आतल्या धातूच्या पट्ट्यांना लागली असेल तर स्वतः खरवडू नका, दुकानात दाखवा.

अजून एक, आणि हे मी जरा दरडावून सांगते. सेल गोळ्यांच्या डबीजवळ ठेवू नका. बीपीची गोळी आणि हा सेल आकाराने सारखेच, संध्याकाळच्या उजेडात म्हाताऱ्या माणसाला कळत नाही. घरात लहान मूल असेल तर मग विचारूच नका. सेल गिळला तर केळं खायला घाला, सकाळी पडून जाईल असं करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं, अन्ननळीत अडकला तर काही तासात आतून भाजतं. वापरलेले सेलसुद्धा झाकणाच्या बाटलीत, वरच्या फळीवर.

आता शिट्टी. गणपतीच्या मांडवात कोणीतरी माईक घेऊन स्पीकरच्या समोर जातं आणि कूंऽऽ करून सगळे कान झाकतात, ते आठवतंय? अगदी तेच. मशीनचा माईक कानाच्या वर मागे, आणि मोठा केलेला आवाज कानाच्या आत. आतला आवाज फटीतून बाहेर आला की माईक तो परत पकडतो, परत मोठा करतो, आणि गोल गोल फिरून शिट्टी वाजते. म्हणजे शिट्टी वाजली की फट शोधायची. पहिला संशय मोल्डवर, म्हणजे कानात बसतो तो भाग. तो नीट बसलाय का? बहुतेक म्हातारी माणसं मोल्ड नुसता दाबतात. उजव्या कानाला लावताना डावा हात डोक्यावरून मागून नेऊन कान जरा वर आणि मागे ओढायचा, उजव्या हाताने मोल्डचं टोक भोकात घालायचं, थोडं मागे फिरवायचं, आणि मोल्डची वरची शेपटी कानाच्या घडीत आत सरकवायची. ती शेपटी बाहेर राहिली की शिट्टी ठरलेली. आरशासमोर आठ दिवस केलं की हाताला सवय होते, बाबांनी एसटीचे गिअर टाकलेत, हे काय अवघड आहे.

नीट बसवूनही वाजत असेल तर मग मोल्डच सैल झालाय. माणूस वाळला की कानही बदलतो, आणि गंमत म्हणजे कवळी बसवली की सुद्धा बदलतो, कारण जबडा हलतो तशी कानाची नळी हलते. मला तर सुरुवातीला फक्त जेवतानाच शिट्टी वाजायची, भाकरी चावली की कूं, सगळे ताटावरून माझ्याकडे बघायचे. नवीन माप देऊन मोल्ड केला आणि थांबलं. मोल्ड बदलायला मशीन बदलावं लागत नाही, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत म्हणून मी सांगते.

तिसरं कारण मळ. कानात मळाचा गोळा असेल तर आवाज त्याच्यावर आपटून परत येतो. पण म्हणून बड्स घालू नका, गरम तेल नको, त्या मेणबत्तीसारखं काहीतरी कानात पेटवतात ते तर अजिबात नको. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे दहा मिनिटात निघतो.

आणि ट्यूब. मोल्डपासून मशीनच्या हुकपर्यंत, म्हणजे कानावर अडकणाऱ्या वाकड्या टोकापर्यंत, जी पारदर्शक नळी असते ती नवीन असताना मऊ असते, मग पिवळी पडते, कडक होते, आखडते आणि हुकापाशी तिला चीर जाते. तीन ते सहा महिन्यांनी बदलायची वस्तू आहे ती, दोन वर्षं तीच नळी असेल तर शिट्टीचं कारण तिथेच सापडेल. आमच्या ओळखीच्या एका काकांनी सलाईनची नळी कापून बसवली होती, दिसायला तशीच दिसते, पण जाडी वेगळी, भोक वेगळं, मग आवाज घागरीत बोलल्यासारखा. असले उद्योग नको.

आता तुमचा पावसाळा. चिपळूणला जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड दुपारपर्यंत सादळतात, तर कानामागे घामाने भिजणारं मशीन सादळणार नाही का? मधेच बंद पडतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं म्हणालात ना, ते बहुतेक ट्यूबमधल्या पाण्याच्या थेंबाने होतं. कानातली हवा गरम आणि दमट, नळी बाहेरच्या गार हवेत, आत बाष्प धरतं आणि एक बारका थेंब नळीच्या वाकणात जाऊन बसतो. बस्, आवाज बंद. मशीन उजेडात धरून बघा, थेंब दिसतो. तोंडाने फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ अजून आत जाते, त्यासाठी छोटा रबरी ब्लोअर मिळतो. नळी हुकपासून काढायची, ब्लोअरचं टोक नळीत घालून दोन तीनदा दाबायचं.

रात्री ठेवायला झाकणाची हवाबंद बरणी घ्या, तळाला सिलिका जेल, वर मशीन, सेल बाहेर काढून. सेल आत ठेवला तर तोही वाळतो. सिलिका जेलचे दाणे रंग बदलतात, निळे असतील तर गुलाबी होतात, नारिंगी असतील तर हिरवट, रंग बदलला की बदला. स्वयंपाकाच्या तव्यावर भाजून परत वापरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, निळ्या दाण्यात जे रसायन असतं ते पोटात जायचं काम नाही. विजेवर चालणारी ड्रायरची डबीही मिळते, कोकणात राहणाऱ्याने ती घ्यावी असं माझं मत, पैसे वसूल होतात. तांदळाच्या डब्यात ठेवायचं तर अजिबात नाही. मी ठेवलं होतं, मिस्टरांनी मोबाईल पाण्यात पडल्यावर तसं केलेलं त्यांना आठवलं. दुसऱ्या दिवशी माईकच्या भोकात तांदळाची पीठी बसलेली आणि दुरुस्तीला मशीन गेलं ते तीन आठवडे आलं नाही. हेअर ड्रायर नाही, ऊन नाही, गॅसजवळ नाही, देवघरातल्या समईजवळ पण नाही (हसू नका, हेही झालंय आमच्याकडे).

बाकी रोजचं काम दोन मिनिटांचं आहे. रात्री मशीन कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, मोल्डच्या भोकात मळ दिसला तर सोबत मिळालेल्या ब्रशने, भोक खाली धरून, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. आठवड्यातून एकदा मोल्ड धुवायचा. एका हाताने हुक धरायचा, दुसऱ्याने नळी हळूच ओढून वेगळी करायची, मग मोल्ड आणि नळी कोमट पाण्यात, अंगाच्या साबणाचा थोडा फेस, बोटाने चोळून, स्वच्छ पाण्याने काढून, ब्लोअरने पाणी उडवून, रात्रभर कापडावर. स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, डेटॉल नाही, मोल्ड कडक होऊन चिरतो. आणि मशीनला पाण्याचा थेंब लावायचा नाही. परत जोडताना मोल्डची दिशा बघा, खूप जण उलटा पिळलेला जोडतात आणि मग कानात बसत नाही म्हणून चिडतात. पहिल्यांदा काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सोपं पडतं.

तेल! आपल्याकडे हे सगळ्यात जास्त. खोबरेल चोपडून मग मशीन लावलं की माईकच्या जाळीवर तेलाचा थर बसतो, त्यावर पावडर, त्यावर धूळ, आणि सहा महिन्यांनी माणूस म्हणतो मशीन मंद झालं. म्हणून आधी तेल, पावडर, कलप, दाढी, सगळं उरकायचं, कान पुसायचे, मग मशीन. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला, रंगपंचमीला, सलूनमध्ये, झोपताना काढायचं. एक्स-रे, सीटी असेल तर टेक्निशियन सांगेल तसं, पण एमआरआयच्या खोलीत मशीन न्यायचंच नाही. घरात कुत्रा असेल तर उंचावर ठेवा, त्याला त्या शिट्टीचं आणि मळाच्या वासाचं भारी आकर्षण, चावून भुगा करतो.

हे सगळं झालं वरवरचं. खरी गोष्ट कलकलाटाची आहे, आणि तिथेच बहुतेक मशीनं ड्रॉवरमध्ये जातात.

बघा, बाबा ड्रायव्हर होते. वर्षानुवर्षं इंजिनाच्या आवाजात काम केलेल्या माणसाचे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ खड्ड्यात गेलेली दिसते. वयाने होतं तेही त्याच टोकाकडून होतं. आता आपल्या भाषेत आ, ओ, ऊ हे जाडे आवाज, ते बाबांना ऐकू येतात. स, श, थ, फ हे हवेचे बारीक आवाज, ते गळतात. म्हणजे बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. मी एकदा भाजीवालीला भेंडी कितीला विचारलं, ती म्हणाली "साठ", मला ऐकू आलं "आठ", मी आनंदाने दहाची नोट दिली आणि दोन रुपये परत मागितले. सगळा बाजार हसला. मी घरी येऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले. तेव्हा बाबा "मला ऐकू येतं" म्हणतात ते खोटं नाही हो, आणि तुम्ही म्हणता त्यांना ऐकू येत नाही तेही खरंच.

आणि ओरडणं. अशा कानात हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज आपल्यापेक्षाही जास्त टोचतो, मधली जागाच अरुंद झालेली असते. म्हणून तुम्ही हळू बोललात तर "काय?" आणि चढवलात तर "ओरडतेस कशाला?". ते भांडायला म्हणत नाहीत, त्यांना खरंच दुखतं. शिवाय ओरडलं की आपलं तोंड वाकडं होतं, ओठ वाचता येत नाहीत, आणि आ आ तेवढा मोठा होतो, स तिथेच राहतो. त्यापेक्षा टीव्हीचा आवाज बंद करायचा, समोर यायचं, आधी "बाबा" म्हणून हाक मारायची, त्यांनी बघितलं की मग नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश. नाही कळलं तर तेच वाक्य चारदा न म्हणता शब्द बदलायचे. "साखर आणा" कळलं नाही तर "चहासाठी साखर संपलीय". स्वयंपाकघरातून फोडणीच्या आवाजात पाठमोरं बोललेलं मला आजही कळत नाही, आणि "जाऊ दे, काही नाही" हे तर आमच्यासारख्यांना म्हणूच नका, त्याने जेवढं लागतं तेवढं शिट्टीने लागत नाही.

मशीन हे चष्म्यासारखं नाही की लावला आणि दिसलं. इतकी वर्षं मेंदूला पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, स्वतःच्या चपला, वर्तमानपत्राची सळसळ ऐकू आलेलीच नसते, आणि एक दिवस सगळं एकदम येतं, मग कलकलाटच वाटणार ना. यातलं काय ऐकायचं आणि काय सोडायचं हे मेंदू परत शिकतो, त्याला काही आठवडे लागतात, कोणाला दोन तीन महिने. पण रोज लावलं तरच. सणासुदीला लावून ते होत नाही. म्हणून सुरुवात घरात, शांत खोलीत, तुम्ही दोघंच, सकाळी तास दोन तास. त्यांना पेपर मोठ्याने वाचायला सांगा, स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो ती तक्रार त्याने कमी होते (खूपच पिंपासारखा वाटला तर मोल्डला बारीक भोक पाडून देतात, ते विचारा). मग दोन तीन माणसांत. मग बाजार. टीव्हीवर मालिका लावून सुरुवात करू नका, त्या मागच्या ढणढण म्युझिकमध्ये चांगल्या कानालाही शब्द कळत नाहीत.

पण त्याआधी मशीन घेऊन परत ऑडिओलॉजिस्टकडे जा. दोन वर्षात एकदाही सेटिंग करून घेतलं नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतंय. मला पहिल्या दुकानात मशीन विकलं, व्हॉल्यूम दाखवला, आणि "सवय होईल काकू" म्हणून पाठवून दिलं होतं, मी वर्षभर सवय व्हायची वाट बघत बसले. नंतर एका मुलीने परत ऑडिओग्राम काढला, कॉम्प्युटरला मशीन जोडून भांड्यांचे टोकदार आवाज कमी केले, बोलण्याचे वाढवले, आठ दिवसांनी परत बोलावलं, परत थोडं बदललं. मशीन तेच होतं हो! डिजिटल मशीन रोज किती तास लावलं हेही बहुतेक वेळा त्यांना कॉम्प्युटरवर दिसतं, तेव्हा बाबांनी तिथे "रोज लावतो" म्हणून थाप मारायची नाही. आणि "चांगलं ऐकू येत नाही" एवढंच सांगू नका, लिहून न्या की कुकरची शिट्टी टोचते, नातवाचं बोलणं कळत नाही पण मुलाचं कळतं, देवळात घंटेला कान दुखतो. जाताना बाबांनाच बोलू द्या, तुम्ही त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नका.

तिथेच फोनचंही विचारून घ्या. फोन कानाच्या भोकाला नाही, मशीनच्या माईकला, म्हणजे जरा वर आणि मागे धरायचा. काही मशीनला एम आणि टी अशी खूण असते, टी म्हणजे टेलिफोनसाठी, त्यात माईक बंद होतो. चुकून टी वर गेलं की समोरच्याचं काही ऐकू येत नाही आणि ट्यूबलाईटजवळ, इन्व्हर्टरजवळ भुर्र असा आवाज येतो. तुमचे बाबा मशीन "बंद पडलं" म्हणतात त्यातलं थोडं हेही असू शकेल.

घरी रोजची परीक्षा सोपी आहे, आम्हाला ऑडिओलॉजिस्टनेच शिकवली. मशीन लावल्यावर तुम्ही त्यांच्या मागे चार पाच फुटांवर उभं राहून साध्या आवाजात आ, ऊ, ई, म, श, स असे सहा आवाज उलटसुलट काढायचे, त्यांनी ऐकलं तसं म्हणायचं. काल स ऐकू येत होता आणि आज येत नाही म्हणजे सेल, थेंब, मळ यातलं काहीतरी. काहीच आलं नाही तर आधी नवीन सेल, मग ब्लोअर, मगच दुकान. पण मशीन ठीक आहे आणि कानच एक दोन दिवसात अचानक गेला, किंवा कान वाहतोय, गरगरतंय, तर मशीनशी खेळत न बसता त्याच दिवशी डॉक्टर. अचानक गेलेल्या कानाला औषध पहिल्या काही दिवसातच लागू पडतं.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण दुसऱ्या कानालाही मशीन लागेल असं तुम्हाला सांगतील. दोन्ही कान गेलेत तर दोन मशीनने घोळक्यात खूप फरक पडतो, आवाज कुठून आला ते कळतं, हे विकायची युक्ती नाही, पण आधी हे एक रुळू द्या. मुंबईला वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची. तिथे तपासणीही होते आणि उत्पन्नात बसत असाल तर एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना) मशीनही मिळतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, ६५ वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या माणसाला ३,००० रुपये, तेवढ्या पैशात मशीन येत नाही पण मोल्ड, सेल, ड्रायरची डबी एवढं भागेल. कोणाकडेही गेलात तरी ऑडिओलॉजिस्टची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का ते विचारा, चष्म्याच्या दुकानात कोपऱ्यात बसून मशीन विकणाऱ्याला ती असेलच असं नाही.

आता जबरदस्ती आणि लग्न. जबरदस्तीने लावलेलं मशीन दहा मिनिटात खिशात जातं, आणि मंगल कार्यालयात तर पहिल्यांदा लावायचंच नाही. पत्र्याचं छत, फरशी, तीनशे माणसं, बँड, भटजींचा माईक, इतक्या गोंधळात चौदा वर्षांच्या सवयीनंतरही मला निम्मंच कळतं. तिथे पहिल्यांदा लावलं तर ते परत कधीच लावणार नाहीत. तुमच्याकडे अजून दोन अडीच महिने आहेत. या आठवड्यात ट्यूब आणि सेटिंग, मग रोज घरात, गणपतीत आरतीला पाच मिनिटं व्हॉल्यूम कमी करून, साखरपुड्याला तासभर. बाबांना "बहिरे आहात म्हणून लावा" असं न म्हणता "नात काय बोलते ते ऐकायचंय ना" असं म्हणा, किंवा ते नातीलाच म्हणू दे, सुनेचं ऐकत नाहीत तिथे नातीचं ऐकतात.

कार्यालयात त्यांना भिंतीला पाठ करून बसवा, स्पीकरपासून लांब, मशीनचा उजवा कान माणसांकडे येईल असं. मंगलाष्टकांचं शेवटचं "सावधान" झालं की वाजंत्री एकदम सुटते, तेव्हा बटण दाबून आवाज कमी करायचा हे आधीच शिकवून ठेवा. अक्षता पडतात त्या कानामागे, मशीनच्या फटीत अडकतात, जेवायला बसायच्या आधी एकदा झटका. आणि झब्ब्याच्या खिशात दोन सेल असू द्या, स्टिकरसकट.